मलिकंबर आणि त्याची नहर

विद्यार्थिमित्रहो, आमच्या शाळेंत पुंडलिकनगराकडून येणारा एखादा विद्यार्थी सकाळीं उशिरां आला, तर त्यास कारण विचारण्याची आम्हां शिक्षकांस सहसा गरज पडत नाहीं. त्या दिवशीं त्याच्या गल्लींतील नळास पाणी आलेलें असतें, आणि घरांतील थोरामोठ्यांबरोबर तोहि घागरी, बादल्या व पिंपें भरण्यांत गुंतलेला असतो. नळ दररोज वाहत नाहीं; म्हणून ज्या दिवशीं वाहतो, त्या दिवशीं अभ्यास मागें पडतो. पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचें मोठें धरण १९७६ सालीं पुरें झालें. तेथील पाणी यंत्रांच्या बळानें शंभराहून अधिक मीटर उंच चढवून ह्या शहरास आणावें लागतें. वीज गेली कीं यंत्र थांबतें, आणि वाटेंत नळ फुटला कीं शहर तहानेलें राहतें.

अशा वेळीं एक जुनी गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. चारशें वर्षांपूर्वीं, जेव्हां वीज नव्हती, यंत्र नव्हतें, लोखंडी नळहि नव्हते, तेव्हां एका पुरुषानें ह्याच शहरास जमिनीच्या पोटांतून पाणी आणून दिलें. आणि तें पाणी पुढें तीनशें वर्षांहून अधिक काळ वाहत राहिलें. तो पुरुष ह्या भूमींत जन्मलेला नव्हता. राजकुळांतला तर नव्हताच. समुद्रापलीकडून विकत आणलेला तो एक गुलाम होता. त्याचें नांव मलिकंबर. ह्या शहराचें नांव प्रथम खडकी, नंतर फत्तेहनगर, पुढें औरंगाबाद व आतां छत्रपति संभाजीनगर असें होत आलें. परंतु नांव कोणतेंहि असो, ज्यानें शहराचा पाया घातला त्याचें चरित्र येथील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावें, ह्या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

मलिकंबराचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास आफ्रिकेंतील हबसाणांत, म्हणजे आजच्या इथिओपिया देशांत झाला. त्याचें मूळचें नांव चापू असें होतें. त्या काळीं हबसाणांतून अरबस्तानांत गुलामांचा मोठा व्यापार चाले. लढाईंत पकडलेलीं, दारिद्र्यामुळें विकलेलीं किंवा पळवून आणलेलीं मुलें तांबड्या समुद्रापलीकडे नेऊन बाजारांत उभीं केलीं जात. चापू लहानपणींच ह्या व्यापाऱ्यांच्या हातीं सांपडला, आणि येमेनांतील मोखा बंदर, तेथून बगदाद, असा हातोहात विकला गेला. ज्या वयांत तुम्ही आईनें भरून दिलेला डबा घेऊन शाळेस येतां, त्या वयांत त्याच्या देहाची किंमत परके लोक ठरवीत होते.

बगदादच्या मीर कासिम नांवाच्या धन्यानें मात्र ह्या मुलाची बुद्धि ओळखली. त्यानें त्यास लिहिण्यावाचण्याचें शिक्षण दिलें, इस्लाम धर्माची दीक्षा दिली, आणि अंबर हें नवें नांव ठेविलें. पुढें अंबरास हिंदुस्थानांत आणून अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान ह्यास विकण्यांत आलें. हा चंगीझखान स्वतः एके काळीं हबशी गुलामच होता. दक्षिणेंतील सुलतानांच्या राज्यांत हबशी गुलामांस शस्त्रविद्या शिकवून लष्करांत ठेवण्याची चाल होती, आणि त्यांतला एखादा कर्तबगार मनुष्य सरदारीपर्यंत चढूं शके. गुलामगिरीची चाल वाईटच. परंतु तिच्या पोटांतहि शिकलेल्या मनुष्यास एखादी फट सांपडते, आणि अंबरास ती चंगीझखानाच्या घरीं सांपडली. राज्याचा जमाखर्च कसा पाहावा, फौज कशी पोसावी, दरबारांतील हेवेदावे कसे ओळखावे, हें सारें त्यानें धन्याच्या पाठीमागें उभें राहून पाहिलें.

१५७५ च्या सुमारास चंगीझखान मरण पावला आणि अंबर मोकळा झाला. त्यानंतरचीं सुमारें वीस वर्षें त्यानें शिपाईगिरींत घालविलीं. विजापूरच्या चाकरींत असतां त्यास मलिक ही पदवी मिळाली, आणि मलिक अंबर ह्याचें आमच्या लोकांच्या तोंडीं मलिकंबर झालें. हीं वर्षें वरवर पाहतां निष्फळ दिसतात. चाळीशी उलटली तरी त्याच्या नांवावर एखादा किल्ला किंवा मोठी जहागीर नव्हती. १५९५ च्या सुमारास तो थोड्याशा स्वारांनिशीं निजामशाहींत परत आला, आणि अभंगखान नांवाच्या हबशी सरदाराच्या पथकांत दाखल झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस अकबर बादशहाच्या फौजेनें अहमदनगरास वेढा घातला.

हा वेढा आमच्या विषयाच्या दृष्टीनें थोडा विस्तारानें सांगण्यासारखा आहे. सुरुंग हा शब्द आपण आज दारूच्या स्फोटास लावतों. परंतु त्याचा मूळ अर्थ जमिनीखालील भुयार असा आहे. वेढा घालणारे लोक तटापासून दूर, आडोशास एक खड्डा घेत. तेथून तटाच्या पायाखालीं भुयार नेत. पायाखालीं पोंचलें म्हणजे तेथें दारू ठासून भरीत, भुयाराचें तोंड दगडमातीनें बुजवीत, आणि वातीस बत्ती देत. आंत कोंडलेल्या दारूस वाट न मिळाल्यामुळें ती वरचा तट उचलून फेकी. ह्यावर आंतल्या लोकांपाशीं उपाय एकच असे. शत्रूचें भुयार कोठें येत आहे ह्याचा माग काढावयाचा, आंतून दुसरें भुयार खणून त्यास गांठावयाचें, आणि बत्ती लागण्यापूर्वीं दारू उपसून काढावयाची.

अहमदनगरास हेंच घडलें. १५९६ च्या फेब्रुवारींत मोगलांनीं तटाखालीं अनेक सुरुंग नेले. आंतल्या लोकांस खबर लागतांच चांदबिबीच्या हुकुमानें माणसें खणूं लागलीं, आणि दोन सुरुंग त्यांनीं निकामी केले. तिसऱ्याचा शोध चालला असतां मोगलांनीं बत्ती दिली. तटाचा मोठा भाग कोसळला, आणि खणणारीं माणसें त्याखालीं गेलीं. त्या खिंडारांत चांदबिबी हातीं तरवार घेऊन उभी राहिली, आणि रातोरात तें बुजवून घेतलें. वऱ्हाड प्रांत देऊन तिनें तह केला व राज्य वांचविलें. पुढें १६०० सालीं मोगल पुन्हां आले. ह्या खेपेस आंतल्याच लोकांनीं चांदबिबीचा घात केला, आणि सुरुंगांनीं तट उडाल्यावर किल्ला पडला.

राजधानी गेली, बाल सुलतान मोगलांच्या कैदेंत गेला; पुष्कळांनीं निजामशाही संपली असें धरिलें. मलिकंबरानें तसें धरिलें नाहीं. त्यानें राजघराण्यांतील मूर्तझा नांवाच्या तरुणास परांडा येथें गादीवर बसविलें, आपली मुलगी त्यास दिली, आणि स्वतः पेशवा होऊन मोडलेल्या राज्याची जुळवाजुळव आरंभिली. राजू दखनी नांवाच्या प्रतिस्पर्ध्याशीं त्यास कांहीं वर्षें झगडावें लागलें. त्याचा पाडाव झाल्यावर मात्र निजामशाहींत मलिकंबराचा शब्द शेवटचा ठरला.

मोगलांच्या अवाढव्य फौजेशीं समोरासमोर लढणें शक्य नव्हतें, हें त्यानें ओळखिलें. हलक्या घोड्यांवरचे मराठे स्वार त्यानें मोठ्या प्रमाणावर पदरीं ठेविले. शत्रूची रसद तोडावी, चारा जाळावा, रात्रीं छापा घालून पहाटेस डोंगरांत नाहींसें व्हावें, ही रीत त्यानें राज्याच्या युद्धनीतीचा पायाच केली. लखुजी जाधवराव, मालोजी व विठोजी भोसले, आणि पुढें मालोजींचे चिरंजीव शहाजीराजे, हे सारे ह्या राज्यांत वावरले. शहाजीराजांची उमेदवारी मलिकंबराच्या हाताखालीं झाली, एवढें ध्यानांत आणिलें म्हणजे ह्या हबशी पेशव्याचें महाराष्ट्राच्या इतिहासांतील स्थान सहज समजेल. दिल्लीच्या जहांगीर बादशहास त्याचा इतका संताप आला होता कीं, मलिकंबराच्या छिन्न मस्तकावर बादशहा बाण सोडीत आहे असें चित्र दरबारच्या चित्रकारानें काढिलें. प्रत्यक्षांत तें मस्तक बादशहाच्या हातीं कधींच लागलें नाहीं.

१६१० सालीं मलिकंबरानें दौलताबादेजवळील खडकी ह्या खेड्याच्या जागीं नवें शहर वसविण्यास आरंभ केला. नांवावरूनच जमिनीचा गुण कळतो. वर थोडी माती, खालीं खडक. चार वर्षांपूर्वींचीं नव्हे, चारशें वर्षांपूर्वींचीं त्याचीं कामें अजून उभीं आहेत. भडकल दरवाजा त्याचाच, नौखंडा वाड्याचा आरंभहि त्याचाच. मराठे सरदारांनीं शहराभोवतीं आपापले पुरे वसविले. मालपुरा, विठापुरा, परसपुरा हीं नांवें भोसले घराण्यांतील पुरुषांवरून पडलीं असें सांगतात.

परंतु दरवाजे व वाडे बांधिल्यानें शहर होत नाहीं. शहरास पाणी लागतें. खाम नदी शहराजवळून वाहते खरी, पण उन्हाळ्यांत तिचें पात्र कोरडें पडतें. तीनशें वर्षांपूर्वीं महंमद तुघलकानें दिल्लीची वस्ती दौलताबादेस हलविली होती. तो बेत फसण्याच्या कारणांत पाण्याची टंचाई हेंहि एक समजलें जातें. तें उदाहरण मलिकंबराच्या डोळ्यांसमोर, अगदीं क्षितिजावर उभें होतें. त्यांत १६१६ सालीं रोशनगांवच्या लढाईंत त्याचा पराभव झाला, आणि मोगलांनीं खडकी लुटून जाळली. सहा वर्षांचें काम राखेस मिळालें. सत्तरीच्या घरांत आलेल्या मनुष्यानें अशा वेळीं काय करावें? मलिकंबरानें शहर पुन्हां उभारिलें, आणि त्यापुढच्याच वर्षाच्या सुमारास नहरीचें काम हातीं घेतलें. हीच नहर-ए-अंबरी.

आतां ही नहर म्हणजे काय, हें नीट समजून घेऊं. आपल्या पठाराचा खडक सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले. त्यांतील कांहीं घट्ट काळ्या पाषाणाचे, कांहीं ठिसूळ. विहीर खणणाऱ्या माणसास हें शास्त्र पुस्तकावांचून ठाऊक असतें. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, आणि शेवटीं पहार उसळून परत येते तो काळा पाषाण. पावसाचें पाणी मुरुमांतून व भेगांतून झिरपतें, पाषाणापाशीं अडतें, आणि त्याच्या पाठीवरून उताराच्या दिशेनें सावकाश सरकत जातें. ओढा वर कोरडा दिसला तरी त्याच्या वाळूखालीं व मुरुमांत हें पाणी असतें. डोळ्यांस न दिसणारा हा सांठाच मलिकंबराच्या माणसांनीं हेरला. शहराच्या उत्तरेस हर्सूलच्या बाजूस डोंगर आहेत, आणि ती बाजू शहरापेक्षां उंच आहे. तेथील झिरपणारें पाणी भुयारांत गोळा करावें, आणि भुयारास असा उतार द्यावा कीं पाणी आपल्याच वजनानें शहरांत येऊन पोंचावें, एवढीच ही युक्ति. सांगावयास सोपी, करावयास महाकठीण.

कठीण अशासाठीं कीं, अशा कामांत सारा खेळ उताराचा असतो. उतार अधिक झाला तर पाणी धांवतें आणि तळ व भिंती खरवडून काढतें. कमी झाला तर गाळ बसतो आणि वाट तुंबते. कोसामागें कांहीं हातांचाच उतार राखावयाचा, तोहि जमिनीच्या पोटांत, दिव्याच्या उजेडांत, आणि साधनें म्हणजे दोरी, ओळंबा व पाणसळ. म्हणून सर्व भुयार एका तोंडाकडून खणीत नाहींत. ठरलेल्या ओळींत जागोजाग उभ्या विहिरी उतरवितात. प्रत्येक विहिरीच्या तळाशीं दोन टोळ्या लागतात. एक पुढें खणते, दुसरी मागें. विहिरीच्या तोंडाशीं ओळींत दोन ओळंबे सोडिले म्हणजे खालच्या माणसांस दिशा कळते. उपसलेला मुरूम पाट्यांत भरून रहाटानें वर काढतात. त्याच विहिरींतून वारा खालीं जातो, आणि काम पुरें झाल्यावर गाळ काढण्यास माणूस त्याच वाटेनें उतरतो. दोन शेजारच्या विहिरींतील टोळ्या जेव्हां एकमेकींच्या कुदळींचा आवाज ऐकतात, आणि मधली भिंत फोडून समोरासमोर येतात, तेव्हां ओळंबा धरणाराची खरी परीक्षा होते. हातभर चूक झाली तर तिचा पाण्यास अडथळा होतो, आणि पाणी कोणाची भीड धरीत नाहीं.

जेथें जमीन ठिसूळ तेथें विटा-दगड व चुना लावून भिंती व कमान बांधाव्या लागत. पाणी जेथें बंद नळांतून दाबानें न्यावयाचें, तेथें मधून मधून पोकळ मनोरे उभारीत. पाणी मनोऱ्यांत चढे व पुन्हां उतरे. त्यायोगें कोंडलेली हवा निघून जाई आणि नळावरचा जोर कमी होई. पुण्यास नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकांत कात्रजच्या तलावावरून जो नळ आणिला, त्यावरील अशा जागांस उच्छ्वास म्हणतात. जमिनीखालचें पाणी श्वास टाकतें, ही कल्पना किती यथार्थ आहे! शेवटीं नहरीचें पाणी शहरांतील हौदांत पडे, आणि तेथून वस्त्यांस वांटलें जाई.

ही विद्या मलिकंबरानें नव्यानें शोधून काढिली असें मात्र नव्हे. तिचें माहेर इराण. तेथें फार प्राचीन काळापासून डोंगराच्या पायथ्याचें पाणी अशाच भुयारांनीं वाळवंटांतील गांवांस नेत आले आहेत. बहामनी काळांत बीदर येथें अशीं भुयारें खणलीं गेलीं. विजापुरास जमिनीखालून पाणी आणिलें होतें. अहमदनगरासहि दूरच्या झऱ्यांचें पाणी नळांनीं येई. मलिकंबर ह्या शहरांतून वावरलेला मनुष्य होता. शिपाईगिरींतील जीं वीस वर्षें वरवर निष्फळ दिसतात असें मीं वर म्हटलें, त्यांत त्यानें काय पाहून ठेविलें होतें, तें खडकीस दिसून आलें. आणखी एक नवल असें कीं, ज्या अब्दुर्रहीम खानखानानाशीं तो वर्षानुवर्षें लढत होता, त्यानें ह्याच सुमारास, १६१५ सालीं, बऱ्हाणपुरास भुयारी पाण्याचें मोठें काम करविलें. तें कुंडी भंडारा ह्या नांवानें आजहि प्रसिद्ध आहे. रणांगणावर वैरी असलेले दोन पुरुष आपापल्या प्रजेच्या तहानेसाठीं एकाच विद्येकडे वळले.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस येथें हिज्कीया राजाची आठवण होईल. शत्रूची स्वारी येणार असें दिसतांच त्यानें यरुशलेमेबाहेरील झऱ्याचें पाणी खडकांतून ५३३ मीटर लांबीचें भुयार खणून शहरांत शिलोहाच्या तळ्यांत आणविलें. तेथील पाथरवट दोन टोकांकडून खणीत येऊन मध्यें भेटले. तटाबाहेरचें पाणी शत्रूच्या हातीं पडतें. भुयारांतलें पाणी त्यास दिसतहि नाहीं. जळलेल्या खडकीच्या धन्यासहि ही गोष्ट सांगावी लागली नसेल.

अहमदनगराच्या वेढ्याकडे आतां पुन्हां पाहा. तेथेंहि पहार तीच, कुदळ तीच, अंधार तोच, आणि गुदमरणारा वाराहि तोच. एका भुयाराच्या शेवटीं दारू होती, दुसऱ्याच्या शेवटीं हौद होता. विद्या दोन्हींकडे एकच. तिचा विनियोग करणारें मन निराळें. तुमच्यापैकीं पुष्कळ जण पुढें अभियांत्रिकी शिकतील, खाणींत किंवा बोगद्यांत काम करतील. त्यांनीं हा भेद मनांत वागवावा.

आणखी एक गोष्ट. नहरीला अंबराचें नांव मिळालें, तें योग्यच झालें. परंतु तिच्या विहिरींत दोरीनें उतरलेल्या बेलदारांचीं व पाथरवटांचीं नांवें कोणत्याहि ग्रंथांत नाहींत. वेरूळचें कैलास लेणें वरून खालीं कोरीत आणणाऱ्यांचींहि नांवें उरलेलीं नाहींत, आणि देवगिरीच्या किल्ल्याचा कातळ तासून खंदक व अंधारी करणाऱ्यांचींहि नाहींत. ह्या भागांतील काळ्या पाषाणाशीं झुंजण्याची परंपरा हजार वर्षांहून जुनी आहे, आणि ती नांव नसलेल्या माणसांनीं चालविली आहे.

१६१७ सालीं पीटर वान डेन ब्रूके नांवाचा एक डच व्यापारी मलिकंबरास भेटला. उंच, बळकट, करड्या मुद्रेचा असा हा पुरुष त्यास दिसला, आणि त्याच्या मुलखांतील बंदोबस्त पाहून तो चकित झाला. हा बंदोबस्त केवळ दंडाच्या भयानें नव्हता. मलिकंबरानें जमिनीची पाहणी करविली, तिची प्रत ठरविली, आणि पिकाच्या अंदाजानें सरकारचा वांटा कायम केला. शेत सुपीक कीं हलकें ह्याचा विचार न करितां सरसकट मागणें त्यानें बंद केलें, आणि गांवच्या वतनदारांस व पाटील-कुळकर्ण्यांस त्यांच्या जागीं राखून कारभार चालविला. त्याच्या पद्धतीची आठवण पुढें मराठी राज्यांतहि दीर्घकाळ राहिली. ज्यानें जमिनीखालचें पाणी मोजून वांटलें, त्यानें जमिनीवरचें पीकहि मोजून घेतलें.

१६२१ सालीं शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढील शहाजहान, मोठी फौज घेऊन आला. खडकी पुन्हां उद्ध्वस्त झाली, आणि मलिकंबरास मुलूख देऊन तह करावा लागला. तीन वर्षांनीं, १६२४ सालीं, मोगल व विजापूरकर एकत्र होऊन त्याच्यावर चालून आले. त्यानें अहमदनगराजवळ भातवडी येथें त्यांस गांठिलें. तेथील तलावाचा बांध त्यानें फोडिला. शत्रूच्या तळांत पाणी शिरून चिखल माजला, हत्ती-घोडे व तोफा रुतून बसल्या, आणि दोन राज्यांच्या फौजांचा पुरा मोड झाला. शहाजीराजांनीं ह्या लढाईंत मोठें नांव मिळविलें; त्यांचे बंधु शरीफजी येथेंच पडले. पाण्याचा स्वभाव जाणणारा मनुष्य पाण्यास शस्त्रहि करूं शकतो, हें भातवडीस दिसलें. पाणी आणण्याची विद्या व पाणी सोडण्याची विद्या एकाच मनुष्याच्या ठायीं होती.

मलिकंबराचें चरित्र निष्कलंक होतें असें मात्र मी सांगणार नाहीं. तसें सांगणें म्हणजे तुमची फसवणूक होईल. ज्या मूर्तझास त्यानें गादीवर बसविलें व जांवई केलें, त्याच्याशीं पुढें बिघाड होऊन १६१० सालीं तो विषप्रयोगानें मेला, आणि ह्या कृत्याचा ठपका इतिहासकार मलिकंबरावरच ठेवितात. नंतर त्यानें दुसऱ्या एका बालराजास गादीवर बसवून सत्ता आपल्याच हातीं ठेविली. त्याच्या शिक्षा कठोर होत्या. जो स्वतः बाजारांत विकला गेला होता, त्यानें आपल्या फौजेंत विकत घेतलेले हबशी बाळगिले. गुलामगिरीची चाल मोडण्याचें त्याच्या मनांत आलेलें दिसत नाहीं. मनुष्य आपल्या काळाच्या भिंतीस एखादें भगदाड पाडतो, परंतु सारी भिंत पाडीत नाहीं. थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना त्यांच्या गुणांनीं दिपून जाऊन दोषांकडे डोळेझांक करूं नये. आणि दोष दिसले म्हणून त्यांनीं केलेलें लोकहित पुसूनहि टाकूं नये.

१६२६ च्या मे महिन्यांत, सुमारें अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होऊन, मलिकंबर मरण पावला. शेवटपर्यंत सत्ता व सन्मान त्याच्यापाशीं राहिला. ज्या मोगलांनीं त्याच्याशीं पंचवीस वर्षें वैर केलें, त्यांच्याच दरबारच्या इतिहासकारानें त्याच्या रणकौशल्याची व कारभाराची मोकळ्या मनानें स्तुति लिहून ठेविली. खुलदाबादेस त्याची कबर आहे. शेजारींच त्याची पत्नी बिबी करीमा हिची आहे. शाळेच्या सहलीबरोबर मी तेथें गेलों आहें. घुमटाखालीं शांतता असते, आणि वेरूळास जाणाऱ्या प्रवाशांपैकीं थोडेच तिकडे वळतात.

त्याच्या मागें राज्य फार दिवस टिकलें नाहीं. त्याचा मुलगा फत्तेहखान ह्यानें शहरास फत्तेहनगर नांव दिलें, परंतु बापाचें धैर्य त्याच्यांत नव्हतें. १६३३ सालीं दौलताबाद मोगलांनीं घेतली, आणि १६३६ सालीं निजामशाही नांवापुरतीहि उरली नाहीं. १६५३ सालीं औरंगजेब सुभेदार होऊन आल्यावर त्यानें शहरास आपलें नांव दिलें. गादी गेली, फौज गेली, जिंकलेले किल्ले गेले. नहर मात्र वाहतच राहिली. ज्यांनीं मलिकंबराचें शहर दोनदां जाळिलें, त्यांचे वंशजहि त्याचेंच पाणी प्याले. पुढें मोगल काळांत त्याच धर्तीवर शहरास आणखी नहरी आल्या; बाबा शाह मुसाफिर ह्यांच्या दर्ग्यापाशीं पाणचक्कीचें जातें फिरविणारें पाणी हें त्यांपैकींच एका नहरीचें.

आज नहर-ए-अंबरीची काय स्थिति आहे, हें सांगतांना मात्र मान खालीं घालावी लागते. तिच्या वाटेवर घरें व रस्ते आले; पुष्कळ मनोरे मोडले; विहिरींचीं तोंडें बुजलीं; कोठें कोठें सांडपाणी तींत शिरलें. शत्रूनें तिला हात लावला नाहीं, तो आम्हीं लावला. ती नहर पुन्हां पूर्ववत् झाली तरी आजच्या एवढ्या मोठ्या शहराची तहान तिनें भागणार नाहीं, हें उघड आहे. परंतु शहराच्या एका भागास पुरेल एवढें पाणी विजेवांचून, यंत्रावांचून, केवळ उताराच्या हिशेबानें आणतां येतें, ही गोष्ट ज्या शहरानें तीनशें वर्षें डोळ्यांनीं पाहिली, त्यानें ती विसरावी हें बरें नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळीं नळास पाणी आलें आणि घागर भरतां भरतां तुम्हांस शाळेस उशीर होऊं लागला, म्हणजे क्षणभर मलिकंबराचें स्मरण करा. त्याच्यापाशीं देश नव्हता, कुळ नव्हतें, आईबापांनीं ठेवलेलें नांवहि उरलें नव्हतें. होती ती शिकण्याची वृत्ति, पाहिलेलें ध्यानांत ठेवण्याची संवय, आणि जळून गेलेलें काम पुन्हां आरंभिण्याचें धैर्य. एवढ्या भांडवलावर त्यानें परक्या भूमींत एक शहर वसविलें व त्यास पाणी पाजिलें. तुमच्यापाशीं ह्याहून पुष्कळ अधिक आहे. येथें जवळच ओळखीच्या डोंगरांत पाऊस पडतो, आणि येथील मुरुमांत तो आजहि झिरपतो. त्या पाण्याचा माग काढणारी व तें प्रामाणिकपणें वांटणारी माणसें ह्याच वर्गांतून निघावीत, एवढीच ह्या लेखकाची इच्छा आहे.